मायकेल फॅरडे : विजेचा हिशेब आणि नदीची साक्ष

आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते आमच्या देशाचे नव्हेत आणि आमच्या काळाचेही नव्हेत. मायकेल फॅरडे 1867 साली निवर्तले. तरी आज सायंकाळी करमाळ्याच्या किंवा बार्शीच्या बाजूला एखाद्या वस्तीवर दिवा लागला, विहिरीवरची मोटार सुरू झाली, तर त्यामागे त्यांच्या हातच्या एका प्रयोगाचे मूळ आहे, ही गोष्ट शाळेत जाणारी मुलेही जाणतात. तेवढ्यासाठी हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांची दुसरी दोन कामे आमच्या मनात आहेत. पहिले, विजेने पाणी फोडले असता निघणाऱ्या वायूंचा त्यांनी लावलेला चोख हिशेब. दुसरे, लंडन शहराच्या नासलेल्या नदीविषयी त्यांनी भर वर्तमानपत्रात दिलेली साक्ष. त्यांच्या हयातीत या दोन कामांची एकमेकांशी गाठ पडली नाही. ती आता पडू लागली आहे. आणि ज्यांच्या गावाजवळून साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी वाहते, ज्यांच्या ओढ्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, अशा वाचकांस ती समजून घेण्याचा अधिक हक्क आहे.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या ठिकाणी झाला. बाप जेम्स लोहारकाम करी. त्याची प्रकृती नेहमी ढासळलेली, त्यामुळे कामाचे खाडे फार पडत, आणि खाडा पडला की चूल थंड. 1801 साली धान्य महागले तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई, व तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शिक्षण म्हणावे तर लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित. पुढे जगातील पंडित ज्यांच्यापुढे नम्र झाले त्या या पुरुषास बीजगणित जन्मभर परकेच राहिले, हे आमच्या खेड्यांतील ज्या तरुणांची शाळा चौथी-पाचवीत सुटली त्यांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे.

तेराव्या वर्षी तो रीबो नावाच्या एका पुस्तकविक्याकडे वर्तमानपत्रे पोहोचविण्यास राहिला, आणि पुढल्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवार झाला. मुलाने आधी इमानाने केलेल्या चाकरीकडे पाहून रीबोने उमेदवारीची फी घेतली नाही. दिवसा जी पुस्तके शिवावयाची ती रात्री वाचावयाची, असा या मुलाचा क्रम पडला. ज्ञानकोशाचा एक खंड बांधणीस आला होता, त्यात विजेवरचा लेख त्याला सापडला. जेन मार्सेट या बाईंनी सामान्य जनांसाठी रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही असेच हाती आले. पुस्तकात लिहिले आहे म्हणून तो मानीत नसे. चार पैसे जमले की बाटल्या, तारा व जस्ताचे तुकडे आणून ते खरे की खोटे हे तो करून पाही. दुकानाचा धनी त्याला हसला नाही, ही त्या धन्याची थोरवी होय.

1812 साली दुकानात येणाऱ्या एका सद्गृहस्थाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्यासाठी तिकिटे दिली. मायकेलने ती चार व्याख्याने सविस्तर उतरून काढली, आकृत्या काढल्या, आपल्याच हाताने त्यांची बांधणी केली आणि ते पुस्तक नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठविले. डेव्हींनी प्रथम त्याला आपला धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. परंतु थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतील एक मदतनीस काढून टाकला गेला आणि मार्च 1813 मध्ये त्या जागी या पुस्तकबांधणाऱ्याची नेमणूक झाली. वेतन आठवड्याला पंचवीस शिलिंग, वर माडीवरच्या दोन खोल्या, जळण व मेणबत्त्या. पुढील दीड वर्ष डेव्हींबरोबर युरोपचा प्रवास घडला. त्यात थोर शास्त्रज्ञांचा सहवास मिळाला आणि डेव्हींच्या पत्नीकडून घरगड्याची वागणूकही मिळाली. फॅरडे दोन्ही घेऊन परत आले.

या कुटुंबाच्या मंडळीविषयी येथे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्याशिवाय या मनुष्याचा उलगडा होत नाही. स्कॉटलंडातील जॉन ग्लास व त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्या शिकवणीने चाललेली ही एक लहानशी मंडळी होती. तिला सरकारी आश्रय नव्हता, पगारी पाळक नव्हता. वडील निवडले जात ते धंदेवाईक लोकांतूनच. आठवडाभर कारागिरी व प्रभुदिनी वचनाची सेवा. (आम्हांसारख्या वेतन घेणाऱ्यांनी हे वाक्य लिहिताना किंचित थांबावे, हे बरे.) उपासनेनंतर सर्वांनी एका पंक्तीस बसून प्रेमभोजन करावयाचे, आणि धनाचा साठा करावयाचा नाही, असा त्यांचा नियम. 1821 च्या जून महिन्यात फॅरडे यांचा विवाह याच मंडळीतील एका वडिलांची कन्या सेरा बार्नर्ड हिच्याशी झाला व पुढल्याच महिन्यात त्यांनी मंडळीपुढे आपला विश्वास प्रकट केला. 1832 साली ते डीकन झाले व 1840 साली वडील.

1844 साली त्यांना काही आठवडे मंडळीतून दूर ठेवण्यात आले होते. एका प्रभुदिनी राणीसाहेबांकडे भोजनास गेल्यामुळे हे घडले अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती ऐकावयास गोड आहे, पण अलीकडील अभ्यासकांनी तिला आधार नसल्याचे दाखविले आहे. त्या वेळी मंडळीतच शिस्तीविषयी वाद माजला होता व त्यात अनेकांस दूर करण्यात आले. फॅरडे त्यांपैकी एक. पाच आठवड्यांनी ते पुन्हा घेतले गेले, पण वडीलपण त्यांना 1860 पर्यंत परत मिळाले नाही. सर्व युरोपात ज्याचा मान त्या मनुष्याने सोळा वर्षे मागच्या बाकावर बसून उपासना केली आणि मंडळी सोडली नाही. आमच्या मंडळ्यांत पंचकमिटीच्या एका निर्णयावरून घराणीच्या घराणी उठून जातात, ते पाहता आम्हांस त्यांच्या वीजशास्त्रापेक्षा हे अधिक कठीण वाटते.

त्यांच्या शोधांची यादी लांब आहे; ती आम्ही भराभर सांगतो. 1821 साली विजेच्या तारेस चुंबकाभोवती फिरविले, हे विजेच्या मोटारीचे बीज. 1825 साली दिव्याचा वायू तयार करताना उरणाऱ्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे केले. 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारांच्या साहाय्याने चुंबकापासून वीज निघते हे दाखविले; कोयनेचे व उजनीचे वीजघर याच तत्त्वावर चालते. आता ज्या कामासाठी आम्ही लेखणी हाती घेतली तिकडे वळू.

पाण्यात थोडे आम्ल किंवा खार घालून त्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडल्या व त्या विजेच्या घटास जोडल्या, तर एका पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात व दुसरीवर प्राणवायूचे. हायड्रोजन म्हणजे जुन्या शाळापुस्तकांतील उज्जवायू. तो मापाने प्राणवायूच्या दुप्पट निघतो. हा प्रयोग 1800 सालापासून लोकांस ठाऊक होता. हिशेब मात्र कोणास ठाऊक नव्हता. कोणी म्हणे पट्ट्या मोठ्या हव्यात, कोणी म्हणे आम्ल तीव्र हवे. फॅरडे यांनी 1832 ते 1834 या काळात पट्ट्या लहान घेतल्या, मोठ्या घेतल्या, आम्ल सौम्य केले, तीव्र केले, आणि प्रत्येक वेळी वायू मोजला. त्यांना आढळले की किती पाणी फुटणार हे केवळ किती वीज वाहून गेली यावर अवलंबून असते, दुसऱ्या कशावरही नाही. एकच वीजप्रवाह एकामागून एक निरनिराळ्या द्रवांतून नेला, तर प्रत्येकातून ठराविक प्रमाणातच पदार्थ सुटा होतो. आजच्या मापाने एक ग्रॅम हायड्रोजन सुटा करण्यास सुमारे 96,500 कूलंब वीज लागते, आणि या आकड्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. दूध जसे मापाने मोजावे तशी वीज वायूच्या मापाने मोजता यावी म्हणून त्यांनी खुणा केलेल्या काचनळीचे एक यंत्रही बनविले. धनाग्रास ॲनोड, ऋणाग्रास कॅथोड, विजेने फुटणाऱ्या द्रवास इलेक्ट्रोलाइट ही नावेही त्याच वेळची. ती घडविण्यात केंब्रिजचे विद्वान विल्यम व्हीवेल यांचे साह्य होते.

या काचनळीतच एक चमत्कारिक गोष्ट घडली. प्रयोग थांबविल्यावर नळीत जमा झालेला वायू आपोआप कमी होऊ लागला. कुलूपबंद पेटीतील रोकड घटावी, तसे हे होते. आळशी मनुष्याने नळी गळते असे म्हणून विषय संपविला असता. फॅरडे यांनी चोर शोधून काढला: नळीत राहिलेली प्लॅटिनमची पट्टीच दोन्ही वायूंचा पुन्हा संयोग करून त्यांचे पाणी बनवीत होती, आणि स्वतः रतीभरही खर्च होत नव्हती. अशा पदार्थास आज उत्प्रेरक म्हणतात. लग्न जमविणारा मध्यस्थ दोन्ही घरांची गाठ घालून देतो व आपण जसा आला तसा परत जातो, तसेच हे काम आहे. फॅरडे यांनी पुढे पाहिले की पट्टी अगदी निर्मळ असेल तरच हे घडते. तिला तेलकटपणा लागला की नाही. आणि काही वायू असे आहेत की त्यांचा थोडा अंश मिसळला तरी प्लॅटिनमची शक्ती दबते. त्यांत त्यांनी गंधकयुक्त हायड्रोजनही गणला, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा तो हायड्रोजन सल्फाइड वायू. मध्यस्थ एका घरी जेवावयास बसला तो उठलाच नाही, तर पुढील लग्ने कोण जमविणार? गंधक प्लॅटिनमला असेच चिकटून बसते.

1833 साली त्यांनी चांदी व गंधक यांच्या संयुगावर प्रयोग केला. आमच्या बायाबापड्यांची जोडवी व पैंजण काळे पडतात ते याच संयुगामुळे. धातू तापला की त्यातून वीज वाहणे कठीण होते, परंतु हे काळे संयुग तापविले असता वीज अधिक सुलभ वाहू लागली, व थंड झाल्यावर पुन्हा अडू लागली. त्या काळी याचा अर्थ कोणासच लागला नाही. अर्धवाहक या नावाने जे पदार्थ आज प्रत्येक यंत्रात आहेत, त्यांच्या गुणाची ही पहिली नोंद होय.

आता नदीची गोष्ट. 7 जुलै 1855 रोजी दुपारी फॅरडे थेम्स नदीतून आगबोटीने चालले होते. ओहोटीची वेळ होती. घरोघरची शौचकुपे गटारांस जोडली गेल्यापासून लंडनची सर्व घाण त्या नदीत पडत असे, व त्याच नदीचे पाणी पुष्कळ लोक पीत. आदल्याच वर्षी शहरात पटकीने हजारो माणसे दगावली होती. संपूर्ण नदी फिकट तपकिरी, गढूळ झालेली व दुर्गंधीने भरलेली त्यांनी पाहिली. दुसऱ्या कोणी नाकाला रुमाल लावला असता. फॅरडे यांनी खिशातील पांढरी पत्रे फाडून तुकडे केले, ते सहज बुडावे म्हणून ओले केले, आणि बोट ज्या ज्या धक्क्यास लागली तेथे तेथे पाण्यात सोडले. ऊन लख्ख होते, तरी तुकडा इंचभर खाली जाण्यापूर्वीच दिसेनासा होई. उभा पडला तर वरची कड पाण्यावर असतानाच खालची कड नाहीशी होई. एवढे पाहून त्यांनी टाइम्स पत्रास चिठ्ठी लिहिली. तीत दिवस, वेळ, नदीचा पल्ला व तुकड्यांची रीत सांगितली, आणि हयगय चालू राहिली तर एखादा कडक उन्हाळा या नादानीची प्रचीती देईल असा इशारा दिला. कोणावर शिवीगाळ नाही, कोणाची खुशामत नाही. न्यायासनापुढे साक्षीदाराने जसे पाहिले तसे सांगावे, तसे ते लिखाण आहे. पंच नावाच्या विनोदी पत्राने लगेच चित्र छापले: फॅरडे नाक धरून घाणेरड्या थेम्सबाबाला आपले कार्ड देत आहेत.

तो उन्हाळा तीन वर्षांनी, 1858 साली, आला. नदीची दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे विरंजक चूर्णाच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. श्रीमंतांच्या नाकापर्यंत वास पोहोचला तेव्हा कायदा थोड्याच आठवड्यांत झाला. मग बॅझलजेट या अभियंत्याने शहराखालून मोठी गटारे बांधून सर्व घाण पूर्वेस, शहराच्या खालच्या बाजूला नेऊन सोडली. पटकी हटली, हे खरे व मोठे काम झाले. पण घाण नाहीशी झाली नाही, ती खालच्या गावांना गेली, हेही तितकेच खरे आहे.

खालचे गाव म्हणजे काय, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा, मुठा व पवना यांतून भीमेस मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात येते, आणि उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. त्यात जिल्ह्याची स्वतःची भर आहेच. माळीनगर, श्रीपूर, अकलूजपासून सीनाकाठापर्यंत साखर कारखाने आहेत. साखर पांढरी व्हावी म्हणून पुष्कळ कारखान्यांत गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्यातले काही गंधक मळीत राहते. मळीपासून आसवनीत मद्यार्क काढल्यावर जे काळपट पाणी उरते त्यास स्पेंटवॉश म्हणतात. ते हवाबंद टाकीत किंवा साचलेल्या डोहात कुजू लागले की सूक्ष्म जंतू त्यातील गंधकाच्या क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सूत काळे रंगविण्यासाठी जेथे गंधकी रंग वापरतात तेथील पाण्यातही सल्फाइड असते. असे पाणी तसेच नदीत सोडण्यास कायद्याने बंदी आहे. बंदी असूनही सोडले की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे पालथे पडतात.

फॅरडे यांचा हिशेब येथे उपयोगी पडतो. नुसते पाणी फोडून हायड्रोजन काढावयाचा तर वीज फार खर्च होते. परंतु पाण्यात सल्फाइड असेल तर धनाग्रावर प्राणवायूऐवजी गंधक सुटे करता येते, ऋणाग्रावर हायड्रोजन निघतोच, आणि शक्ती पुष्कळ कमी पुरते. दोन ग्रॅम हायड्रोजन पाण्यापासून मिळविण्यास तत्त्वतः सुमारे 237 किलोज्यूल ऊर्जा लागते. तोच हायड्रोजन सल्फाइडपासून मिळविण्यास सुमारे 33, म्हणजे सातवा हिस्सा. कोणी विचारील, मग प्रत्येक ग्रॅमास 96,500 कूलंब हा फॅरडे यांचा नियम मोडला काय? मुळीच नाही. ज्यांनी मोट हाकलेली आहे ते हे चटकन समजतील. हौद भरण्यास मोटा तितक्याच लागतात. पण विहीर साठ हातांची असण्याऐवजी आठ-नऊ हातांची असेल तर बैलांचे कष्ट किती वाचतील? कूलंब म्हणजे मोटांची संख्या, व्होल्ट म्हणजे विहिरीची खोली. सल्फाइडची विहीर उथळ आहे.

अडचण फॅरडे यांनी पाहिली तीच. गंधक धनाग्रावर साचून त्याचा जणू लेप बसतो व प्रवाह खुंटतो. प्लॅटिनमसारखा महाग उत्प्रेरकही अशा पाण्यात टिकत नाही. म्हणून आता शास्त्रज्ञ निकेल, कोबाल्ट, लोखंड अशा स्वस्त धातूंकडे, आणि विशेषतः त्यांच्या गंधकी संयुगांकडे वळले आहेत. जो पदार्थ मुळात गंधकाशी नांदत आला आहे त्याला गंधकाची बाधा कमी, असा हा साधा विचार आहे. अशा संयुगांचे पातळ थर बसविण्याच्या विद्येचा अभ्यास आमच्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही पुष्कळ वर्षे चालला आहे. निघालेल्या गंधकाला गिऱ्हाईक दूर शोधावयास नको: द्राक्षबागांतील भुरी रोगावर शेतकरी गंधकच वापरतात, आणि कारखाने तर ते विकत घेऊन जाळतातच.

तथापि वाचकांनी उद्याच आपल्या ओढ्यातून इंधन निघेल अशी आशा धरू नये. जानेवारी 2023 मध्ये भारत सरकारने हरित हायड्रोजनच्या अभियानास मान्यता दिली व 2030 पर्यंत वर्षाला पन्नास लक्ष टनांचे उद्दिष्ट ठेवले. पण सल्फाइडच्या पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचे बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेतील काचपात्रांत, मोजून घातलेल्या शुद्ध क्षारांवर चाललेले आहे. आसवनीच्या पाण्यात मळी, रंग, माती, नाना क्षार असतात. त्यात उत्प्रेरक किती महिने टिकेल, गंधक सुटे होऊन थांबेल की पुन्हा क्षार होऊन पाण्यातच राहील, हे प्रश्न सुटावयाचे आहेत. जो कोणी गावात येऊन या नावाने भागभांडवल गोळा करील त्याला हे प्रश्न जरूर विचारावे.

एक गोष्ट मात्र आजच कळली पाहिजे, आणि ती आम्ही उपदेशक बंधूंस आग्रहाने सांगतो. हायड्रोजन सल्फाइड केवळ घाण वासाचा नव्हे, मारक वायू आहे. तो हवेपेक्षा थोडा जड असल्याने खड्ड्यात, मैल्याच्या टाकीत, गटाराच्या तळाशी साचतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो व कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, त्याचाही तोच शेवट. असे मरणारे कोणत्या वस्तीतले असतात हे आमच्या मंडळ्यांस वेगळे सांगणे नको. संरक्षणाच्या साधनांवाचून कोणासही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मुकादम कितीही पैसे देवो, उतरू नये व भावाला उतरू देऊ नये.

आणि नदी नासली असेल तर फॅरडे यांची रीत आजही फुकट आहे. पांढरी बशी दोरीने पाण्यात सोडावी, किती बोटांवर दिसेनाशी होते ते पाहावे, आणि दिवस, वेळ व जागा वहीत टिपावी. तळाचा गाळ काळाभोर आहे काय, वास कोणता येतो, मासे मेले काय, तेही टिपावे. बशी दिसली म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे असे मात्र नव्हे; स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही विष व रोगजंतू असू शकतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय सोलापुरात आहे. तेथे नुसता आरडाओरडा करण्यापेक्षा तीन महिन्यांची अशी वही घेऊन गेलेल्या चार माणसांस वाटेस लावणे कठीण जाते.

फॅरडे यांची उतरती वर्षे शांत होती, पण सुखाची म्हणता येणार नाहीत. 1839 च्या सुमारास अतिश्रमाने त्यांची स्मरणशक्ती ढळली होती. मधल्या काळात ती काहीशी सावरली व त्यांनी प्रकाश आणि चुंबक यांच्या संबंधाचा मोठा शोध 1845 साली लावला, परंतु शेवटी विस्मरण परतले. व्यापाऱ्यांसाठी रासायनिक परीक्षणे करून त्यांना अपार द्रव्य मिळविता आले असते. ते काम त्यांनी ऐन भरात असतानाच बहुतांशी सोडून दिले. समुद्रावरील दीपगृहांचा सल्लागार म्हणून मात्र ते 1836 पासून जवळजवळ तीस वर्षे राबले, म्हातारपणी हिवाळ्याच्या बर्फातून दिवे तपासण्यास गेले. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याचा त्यांना फार शौक. 1860 सालच्या नाताळात त्यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, आणि त्यांत तीच ती काचनळी काढून मुलांस पाण्यातून हायड्रोजन निघताना दाखविला. सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद 1857 साली चालून आले, तेही त्यांनी नाकारले. अखेरपर्यंत केवळ मायकेल फॅरडे राहण्याची त्यांची इच्छा होती. 1858 साली राणीसाहेबांनी हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले, ते मात्र त्यांनी पत्नीच्या सोयीसाठी स्वीकारले.

25 ऑगस्ट 1867 रोजी त्या घरात आपल्या अभ्यासाच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांचा प्राण गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी त्यांना जागा मिळाली असती. त्यांच्या मंडळीच्या साध्या रीतीप्रमाणे हायगेट येथील दफनभूमीत, सरकारी धर्मपंथाबाहेरील लोकांसाठी राखलेल्या भागात त्यांना पुरण्यात आले. दगडावर त्यांचे नाव आणि जन्म व मृत्यू यांच्या तारखा आहेत. सेराबाई 1879 च्या जानेवारीत वारल्या. त्यांनाही तेथेच ठेवले आहे.